आठ मोटारींची बैलगाडी

"पगारे, तुला डिझाइनला जायचंय ना?" खैरनार साहेबांनी फायलीतून मान वर न करता विचारलं.

वाल्मीक पगारे नुसतं "हो साहेब" म्हणाला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नाशिकच्या त्या उपविभागात ओव्हरसियर म्हणून लागून त्याला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत खड्डे बुजवण्यापलीकडे त्याच्या हातून काही घडलं नव्हतं. रस्ता मुळात आखतात कसा, वळणावर बाहेरची कड किती उचलायची, चढावर भरलेला ट्रक दमू नये म्हणून काय करायचं, या गोष्टींचं त्याला भारी वेड होतं. घरी त्याने जुन्या दाराच्या फळीचं ड्रॉइंग टेबल केलं होतं. त्याची बायको विमल म्हणायची, यांना ताटात आमटी वाढली तरी हे आधी ती कुठून कुठे वाहतेय ते बघतात.

"वरच्या ऑफिसनं डिझाइनसाठी एक नाव मागितलंय. एकच," साहेब म्हणाले. "मी ज्याचं पाठवीन तो जाईल. बाकीचे तिकडे." त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर डांबराची पिंपं रचलेली होती.

त्यासाठी सांगितलेलं काम ऐकायला तरी सोपं होतं. दिंडोरीच्या अंगाला बोरदरी नावाचं गाव. गावातून जाणारा रस्ता इतका अरुंद, की एसटी आली की बैलगाडीने काट्यात शिरायचं आणि ट्रक आला की एसटीने. रस्ता रुंद करा म्हणून गावाचे अर्ज कैक वर्षं येत होते. खात्याचा नियम असा, की आधी वाहनं मोजायची. फाट्यावर आठवडाभर बसायचं, आणि जे जाईल त्याच्या नावाने कागदावर रेघ मारायची. दिवसाला सरासरी चारशे मोटारींच्या वर वाहतूक भरली तर रस्ता रुंद, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज.

"आकडा असा आण, की वरच्यांनी एकही प्रश्न विचारता कामा नये," साहेब म्हणाले. "पुढच्या सोमवारी सकाळी तो मला टेबलावर पाहिजे. तुझ्या नावाचं तेव्हाच बघू."

वाल्मीक दुसऱ्याच दिवशी फाट्यावर राहुटी ठोकून बसला. मदतीला त्या पट्ट्यातल्या रस्त्याची निगा राखणारा सहादू होता. सहादू कामाला बेताचाच, पण बोलायला एकदम तयार. दोघांनी टेबल मांडलं, त्यावर कागद ठेवले, कागदावर दगड ठेवला आणि ते वाट बघू लागले.

सकाळी एक एसटी गेली. मग एक कुत्रं गेलं. कुत्र्यासाठी कागदावर रकाना नव्हता. त्यानंतर मात्र काहीच जाईना. लांबून बैलगाड्या येताना दिसायच्या, राहुटी दिसेल इतक्या जवळ आल्या की थांबायच्या आणि सरळ शेतात उतरून ढेकळांतून खडखडत पलीकडे निघून जायच्या. एक सायकलवाला तर सायकल खांद्यावर घेऊन बांधावरून गेला.

"असं का करतात रे हे?" वाल्मीकने विचारलं.

"तुमाला बघून," सहादू म्हणाला. "कागद घेऊन बसलेला मानूस म्हनल्यावर कोन येतंय?"

दुपारी मात्र एक जण आला. कारभारी थेटे. गावात त्यांच्याकडे कुठलंच पद नव्हतं, पण त्यांना विचारल्याशिवाय गावातली कुठलीच गोष्ट व्हायची नाही, आणि त्यांनी विचारल्याशिवाय कुठलीच राहायची नाही. रस्त्याला लागून त्यांची द्राक्षाची नवी बाग होती. ते राहुटीभोवती एक चक्कर मारून आले, टेबलाखाली वाकून बघितलं आणि मग समोर उकिडवे बसले.

"राम राम भाऊसाहेब. कशाची मोजनी चाललीये?"

"गाड्यांची."

"आन मानसांची?"

"माणसांशी माझा काही संबंध नाही."

"नक्की? आप्रेशनचं काई नाय ना?"

वाल्मीकच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन वर्षांपूर्वी असाच एक कागदवाला माणूस गावात येऊन याद्या करून गेला होता आणि त्याच्या मागोमाग नसबंदीसाठी दवाखान्याची गाडी आली होती. गाव ते विसरलं नव्हतं.

"काका, शपथेवर सांगतो. फक्त गाड्या," तो म्हणाला. "गाड्या पुरेशा भरल्या तर तुमचा रस्ता रुंद होईल."

"मंजे गाड्यांवर पट्टी बसवनार."

"पट्टी नाही. फक्त मोजायच्या. कोणती किती अवजड ते धरायचं. मोटार म्हणजे एक. एसटी, ट्रक म्हणजे तीन. सायकल म्हणजे अर्धी."

"आन आमची बैलगाडी? पाव?"

इथे वाल्मीकने जे उत्तर दिलं ते पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर होतं. खात्याचं कोष्टकच तसं होतं. पण काही खऱ्या गोष्टी फाट्यावर बसून सांगायच्या नसतात, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"बैलगाडी म्हणजे आठ," तो म्हणाला.

कारभारींनी फेट्याचा शेव कानावरून मागे सारला. "आठ काय?"

"आठ मोटारी."

"फियाट का अँबॅसिडर?"

"कुठलीही."

कारभारींनी सहादूकडे बघितलं, सहादूने मान डोलावली. "मंजे एकेक बैल चार चार मोटारींचा झाला," ते हळूच म्हणाले.

"काका, त्याचा अर्थ तसा नाही. बैलगाडी सावकाश चालते ना, मागच्या सगळ्यांना अडवून धरते. म्हणून रस्त्याच्या हिशेबात ती आठ मोटारींची जागा..."

पण कारभारी उठून चालायला लागले होते. जाता जाता ते एकदा थांबले. "आन पायी चालनारं मानूस?"

"पायी माणूस धरत नाहीत."

"धरतच नाय?" कारभारींना हे फारसं आवडलं नाही. पण बैलाचं ऐकून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाड्या सुरू झाल्या. आधी एक, मग तीन, मग ओळच लागली. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, गाड्यांवर धुतलेल्या कपड्यांतली माणसं. गाड्यांत मात्र काही नव्हतं. वाल्मीक खुशीत भराभर रेघा मारत होता. पण थोड्या वेळाने एक शिंग मोडलेला, कपाळावर पांढरा ठिपका असलेला बैल आला तेव्हा त्याचा हात थांबला. हा भिकनचा बैल मघाशी जाऊन परतही आलेला होता.

"अहो भिकनराव, तुम्ही आत्ताच नाही का गेलात?"

"गेलतो की. माघारी आलो. आता परत चाललो."

"कशाला?"

"एक काम राहिलं."

"कुठलं?"

"ते तिकडं गेल्यावर आठवंल," भिकन म्हणाला आणि त्याने गाडी हाकली.

वाल्मीक तडक कारभारींकडे गेला. ते पारावर बसून गाड्यांची पाळी लावून देत होते. "काका, हे बरोबर नाही. त्याच त्या गाड्या फिरवताय तुम्ही."

"भाऊसाहेब, गाडी रस्त्यावरून गेली का नाय?"

"गेली."

"तुमी डोळ्यानं बघितली का नाय?"

"बघितली."

"मंग लिव्हा. एक गाडी एकदाच जावी असं तुमच्या कायद्यात हाय का?"

कायद्यात तसं नव्हतं. वाल्मीकने परत येऊन सूचनापत्र दोनदा वाचलं. 'जे वाहन जाईल त्याची नोंद घ्यावी' एवढंच त्यात होतं. त्याने नोंद घेतली, आणि संध्याकाळी नाशिकच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर साहेबांना आकडा धाडला.

तिसऱ्या दिवशी प्रकरण गावाच्याही हातात राहिलं नाही. शेजारच्या गावांना दिसत होतं, की बोरदरीच्या सगळ्या गाड्या सकाळपासून फाट्याकडे चालल्यात. जत्रा नाही, बाजार नाही, लग्नाची तिथ नाही. मग काय आहे? कोणी म्हणालं रेशनची साखर आलीय, कोणी म्हणालं सरकार बैल मोजून एकेका बैलाला चार मोटारींचा भाव देतंय. जो तो बघायला निघाला, आणि गाडी जुंपूनच निघाला. भागीबाईने पेरूची पाटी आणून राहुटीच्या दोरीपाशी मांडली. तिच्याशेजारी चहाची गाडी उभी राहिली. येणारी एसटी थांबवून ड्रायव्हर खाली उतरायचा, पाच मिनिटं राहुटीत डोकावायचा आणि म्हणायचा, "नुसतं मोजतात?" नुसतं मोजतात यावर कोणाचाच विश्वास बसत नसे. त्यामुळे तो दुसऱ्या दिवशी अजून दोघांना घेऊन यायचा.

वाल्मीक टेबलाशी डोकं धरून बसला होता. रस्त्यावर जी काही वाहतूक होती ती वाहतूक मोजणाऱ्या माणसाला बघायला आलेली होती. तो उठून घरी गेला असता तर रस्ता मोकळा झाला असता, पण मग मोजलं कोणी असतं?

चौथ्या दिवशी खैरनार साहेब स्वतः निघाले. पहिल्या दिवशीचा आकडा जवळजवळ शून्य आणि त्यानंतर रोज हजाराच्या आसपास, हे बघून त्यांना वाटलं पोराला ऊन लागलं असावं. त्यांची जीप फाट्याच्या अलीकडे बरीच लांब बैलगाड्यांमध्ये अडकली. हॉर्नला बैल ओळखेनात. शेवटी साहेब खाली उतरले आणि धोतरं, शेणं, घुंगरं यांतून वाट काढत घामाघूम होऊन राहुटीत पोचले. साहेब मूळचे सटाण्याकडचे. एरवी ते शुद्ध बोलत, पण रागावले की त्यांची आईची बोली वर यायची.

"हाई काय शे, पगारे?"

वाल्मीकने काही न लपवता सगळं सांगितलं. आपल्या नावाचं आता काय होणार हे त्याला दिसतच होतं, पण खोटं रचायला लागणारं सामान त्याच्याजवळ कधीच नसायचं.

साहेबांनी पेरू खात ऐकून घेतलं. मग त्यांनी कारभारींना बोलावलं. "एवढी वाहतूक रोज असते?"

"रोजची, साहेब. आज तर जरा कमीच हाय."

"बरं झालं सांगितलंत. चारशेचा रस्ता आम्ही जरा रुंद केला असता आणि सोडून दिला असता. हजाराचा म्हणजे दोन पदरी, दोन्ही बाजूंना साइडपट्ट्या, पलीकडे गटारं. सहादू, टेप धर."

टेपचं एक टोक साहेबांनी रस्त्याच्या मध्यावर पायाखाली दाबलं. दुसरं टोक घेऊन सहादू चालू लागला. तो कारभारींचं कुंपण ओलांडून द्राक्षाच्या मांडवात शिरला, पहिली ओळ गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या ओळीत घड धरलेल्या वेलीपाशी तो थांबला.

"इथवर," साहेब म्हणाले. "एवढं जाईल."

कारभारींनी वेलीला हात लावला.

जीपकडे जाताना साहेब वाल्मीकच्या कानाशी म्हणाले, "उद्यापासून खरा आकडा मिळेल बघ तुला."

पण गाव घाबरलं की बेतानं घाबरत नाही. दुसऱ्या दिवसापासून फाट्यावर कोणी म्हणजे कोणी फिरकलं नाही. भागीबाई पाटी उचलून गेली, चहाची गाडी गेली. गाड्या पुन्हा ढेकळांतून जाऊ लागल्या. कारभारींनी एसटीच्या ड्रायव्हरलासुद्धा विनंती केली, की आडवाटेने जमलं तर बघा. शनिवारी संध्याकाळी वाल्मीक राहुटी गुंडाळून कोरे कागद घेऊन ऑफिसात परत आला.

"म्हणजे काय कळवू वरती?" साहेबांनी विचारलं. "बोरदरीत तीन दिवस जत्रा भरली आणि मग गाव उठून गेलं? हे बघ, सोमवारी सकाळी आकडा जायलाच पाहिजे. मधला रविवार तुझा. एका दिवसाचा का होईना, खरा आकडा आण. नाहीतर मी माझ्या पद्धतीनं बघतो."

घरी आल्यावर वाल्मीक जेवला नाही. डिझाइनचं टेबल हातचं गेलं, हे दुःख होतंच. पण त्याहून त्याला वेगळंच काहीतरी छळत होतं. लोकांनी आकडा फुगवला, मग लपवला. पण राहुटी नसते त्या साध्या दिवशी बोरदरीहून किती गाड्या जात असतील? काहीतरी एक खरा आकडा रोज त्या रस्त्याने जात-येत असणार, आणि जगात फक्त मोजणाऱ्यालाच तो दिसत नव्हता.

"मला बघितलं की सगळं बिघडतं," तो विमलला म्हणाला. "सहादूला सगळे ओळखतात. जीप ओळखतात."

विमल भाकरी थापत होती. "मला कोण ओळखतं?" ती म्हणाली.

रविवारी पहिल्या एसटीने विमल बोरदरी फाट्यावर उतरली आणि झाडाखालच्या दगडावर गाठोडं मांडीशी घेऊन बसली. गाठोड्यात तिने तीन पुरचुंड्या आणल्या होत्या. बैलगाडी गेली की पावट्याचा एक दाणा एका पुरचुंडीतून काढून ओच्यात टाकायचा, मोटार गेली की हरभऱ्याचा. सायकलीसाठी ज्वारी. ट्रक-एसटी तिने तोंडपाठच ठेवायचं ठरवलं होतं. सरकारचं नाव काढायचं नाही, अशी वाल्मीकने तिला बजावून ताकीद दिली होती. सकाळभर काम फार सुरेख चाललं. गाड्या रस्त्याने येत होत्या आणि रस्त्याने जात होत्या, कोणी शेतात उतरत नव्हतं. झाडाखालची बाई एसटीची वाट बघत असणार, यात बघण्यासारखं काय आहे?

घोटाळा एसटीनेच केला. कारभारींची बायको यशोदाबाई शेतात जाताना विमलला बघून गेली होती. शेतातून परत येताना ती तिथेच. मधे तीन एसटी येऊन गेलेल्या.

"कोनाची गं तू? कुठं जायाचं?"

"कुठे नाही," विमल म्हणाली.

"मंग बसली कशाला?"

विमलला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायची बंदी होती. तिने खाली बघितलं. खरं म्हणजे ती ओच्यातले पावटे बघत होती, एक दाणा घरंगळला होता.

यशोदाबाईचा आवाज एकदम मऊ झाला. "सासर कुठलं?"

"नाशिक."

"नवरा हाय ना?"

"आहेत. पण आठवडाभर घरीच नव्हते."

हे शब्दशः खरं होतं. पण यशोदाबाई तिथेच बसली, आणि तिने रस्त्याने चाललेल्या चंद्रभागेला हाक मारली. चंद्रभागेने कुसाबाईला सांगितलं. ऊन कलायच्या आत सगळ्या गावाला कळलं, की नाशिकच्या एका चांगल्या घरच्या पोरीला नवऱ्याने टाकलंय आणि ती फाट्यावर दाणे मोजत बसलीय, म्हणजे डोक्यावरही थोडा परिणाम झालेला दिसतो. मग गाड्या यायला लागल्या. विमलने पाच-सहा पावटे टाकले आणि तिला संशय आला.

"तुम्ही कुठे निघालात?" तिने एका गाडीवानाला विचारलं.

"कुठं नाय बाई. तुमालाच बघाया आलो."

"मग तुम्ही धरायचे नाहीत," विमल स्वतःशी पुटपुटली आणि तिने एक दाणा परत पुरचुंडीत टाकला. ते बघून चंद्रभागेने डोळ्याला पदर लावला.

शेवटी कारभारींनी गाडी जुंपली. पोरीला एकटं ठेवायचं नाही, तिला नाशिकला पोचवायचं आणि नवऱ्याला चार शब्द सुनवायचे, असं ठरलं. विमल नको नको म्हणू लागली. ती जितकी नको म्हणाली, तितकी सगळ्यांची खात्री पटली की नवरा मारकुटा आहे. त्यामुळे एकाच्या तीन गाड्या झाल्या, आणि भिकनने बरोबर काठी घेतली.

वाल्मीक त्या वेळी पंचवटीच्या टोकाला कॉलनीतल्या आपल्या ओट्यावर, दाराच्या फळीवर एक वळण काढत बसला होता. गाड्यांचा आवाज ऐकून त्याने सवयीने डोळे मिटून मनात तीन आठं चोवीस केलं. डोळे उघडले तेव्हा पहिल्या गाडीतून त्याची बायको उतरत होती.

"कुठंय तो?" कारभारी गरजले. "बाहेर काढा त्याला. बायको फाट्यावर सोडून..." आणि त्यांना वाल्मीक दिसला. त्यांचा वर गेलेला हात तसाच राहिला. "भाऊसाहेब? तुमी?"

कॉलनीतले लोक ओट्याओट्यांवर येऊन उभे राहिले. समोरच्या अक्काबाई तर हातातलं सूप घेऊनच आल्या. भिकनने काठी पाठीमागे लपवली. कोडं यशोदाबाईनेच सोडवलं.

"अहो, आठवडाभर हा आपल्याच फाट्यावर बसला होता ना," ती म्हणाली. "घराकडं फिरकला नाय. म्हनून ही बिचारी त्याला हुडकत त्याच जागेवर येऊन बसली."

हे इतकं बिनचूक जुळत होतं, की दोघा-तिघा बायकांनी हुंदका दिला. वाल्मीकने खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर विमलकडे गेली. तिने लुगड्याचा ओचा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. खरं सांगितलं तर गावाला कळणार, की आजही मोजणीच चालली होती, आणि मग ओच्यातल्या दाण्यांना काही अर्थ राहणार नव्हता. शिवाय, आठवडाभर आपण आकड्यांच्या मागे होतो आणि तू कशी आहेस असं हिला एकदाही विचारलं नाही, हेही त्याला त्याच क्षणी आठवलं आणि त्याला खरोखरच वाईट वाटलं. त्याने मान खाली घातली.

"चुकलो," तो म्हणाला.

कारभारींनी मग त्याला चांगलं झाडलं. सरकारी नोकरी असली म्हणून काय झालं, रस्ता म्हणजे काय संसार आहे का, सोन्यासारखी बायको. अक्काबाईंनी मधूनमधून आपल्याकडची माहिती पुरवली. वाल्मीकने सगळं ऐकून घेतलं. विमल आत जाऊन चहा टाकून आली.

"बाई, आमचंबी चुकलं," चहा पिताना कारभारी तिला म्हणाले. "आमी गाड्या फिरवल्या, मंग लपवल्या. त्यापायी याचा आठवडा गेला. आता आमी काय करावं ते सांग. हा घरी राह्यला पायजे."

विमलने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या गावातून रोज खऱ्या किती गाड्या जातात तेवढं यांना सांगून टाका," ती म्हणाली. "तो आकडा मिळेपर्यंत यांचं लक्ष काही घरात लागायचं नाही."

गाव ओट्यावर बसलं. आधी कारभारींनी आपल्या सांगितल्या. मग भिकन म्हणाला, माझी रोज दोनदा. "दोनदा?" कुसाबाई खालून म्हणाली. "तुजं चाक दिवाळीपासून मोडलंय. आठवडाभर माजी गाडी मागून नेत होतास." भिकनने एकही नाही असं कबूल केलं. मळ्याकडच्या किती, बाजारच्या दिवशी किती, उसाच्या किती, दूधवाल्याची सायकल धरायची का, लग्नाच्या जीपा धरायच्या का, अशी कडाक्याची चर्चा झाली. कोणी एक गाडी जास्त सांगितली की दुसरा लगेच तिला खोडून काढायचा. ज्या गावाने आठवडाभर सरकारला एक आकडा खरा सांगितला नव्हता, ते एका परक्या पोरीचा संसार सावरण्यासाठी एकमेकांची एकेक गाडी तपासून देत होतं. विमल ओच्यातल्या दाण्यांशी ताडून बघत होती. बघ्यांच्या गाड्या तिने वजा केलेल्याच होत्या. वाल्मीक लिहीत होता आणि त्याचा चेहरा एखाद्या पोराला पतंग मिळावा तसा झाला होता.

सोमवारी त्याने ती बेरीज तीनदा करून बघितली, त्यामुळे त्याला ऑफिसात पोचायला उशीर झाला.

"आकडा गेला," खैरनार साहेब म्हणाले.

"कुठला आकडा, साहेब?"

"तुझाच. सातही दिवसांची बेरीज केली आणि सातानं भागलं. चारशे अठ्ठावीस. रस्ता रुंद होईल, बाग वाचेल, वरती कोणी विचारणार नाही." साहेब चष्मा पुसत होते. "गाव खूश असलं की डोंगर दाखवतं आणि घाबरलं की खड्डा. आपला रस्ता मधून जातो. वीस वर्षं मी असंच करतोय."

वाल्मीकने हातातल्या कागदाकडे बघितलं. त्यावर चारशे वीस होते.

"साहेब," तो म्हणाला, "एक बैलगाडी जास्त गेलीय."

"काय?"

"खरा आकडा चारशे वीस आहे. आठचा फरक पडतोय. आपण वरती दुरुस्ती कळवू या."

साहेबांनी चष्मा लावला आणि त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी घंटी वाजवून टायपिस्टला बोलावलं.

"डिझाइनला कोणाचं नाव पाठवायचं ते ठरत नव्हतं. आता ठरलं," ते म्हणाले. "पगारे, एका बैलगाडीसाठी साहेबाशी भांडायला येणारा माणूस मला फील्डवर परवडत नाही. तू तिकडेच जाऊन टेबलाशी बस आणि भांड."

ऑर्डर आली त्या दिवशी वाल्मीकने कॉलनीत पेढे वाटले. समोरच्या अक्काबाईंनी पेढा घेतला, जयभीम केला आणि कसली नोकरी ते नीट विचारून घेतलं. आता रस्त्यावर जायचं नाही, दिवसभर ऑफिसात टेबलाशी बसून रस्ते काढायचे, संध्याकाळी घरी, असं त्याने सांगितलं.

"बरोबर आहे," अक्काबाई शेजारणीला म्हणाल्या. "बायको फाट्यावर जाऊन बसली, तेव्हा कुठे खात्यानं याला एका जागी बसवलं."

वाल्मीक दुरुस्ती करायला थांबला. त्याने ते वाक्य मनात दोनदा तपासून बघितलं. त्यात चूक कुठे आहे ते त्याला सापडेना. शेवटी त्याने अक्काबाईंच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला आणि तो घरात गेला.